रकाना रिकामा सोडू नका
(विहाराच्या वर्धापनदिनी उपासक-उपासिका आणि विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की विषय ठरलेले असतात. आज आम्ही जो विषय घेतला आहे तो ऐकून काहींना हसू आले, ते आम्ही इथून पाहिले. एम.बी.ए.च्या प्रवेशाचा फॉर्म कसा भरावा, हा काय विहारात बोलायचा विषय झाला? आम्ही म्हणतो, झाला. कारण हा फॉर्म नीट न भरल्यामुळे आपली हुशार मुले घरी बसलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत.

आम्ही मास्तर नाही की साहेब नाही. गिरणीत पाळी करणारा माणूस. शाळा लवकर सुटली, पुढचे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. पण गेली कित्येक वर्षे रविवारी विहारात बसून मुलांचे फॉर्म तपासतो आहोत. त्यातून जे उमगले ते सांगतो. कुठे कळले नाही तर मध्येच हात वर करा, संकोच करू नका.

आधी आयाबायांसाठी सांगतो, हे एम.बी.ए. म्हणजे काय. मुंबई विद्यापीठात याच शिक्षणाला बरीच वर्षे एम.एम.एस. म्हणत आले आहेत. कारखाना, बँक, दवाखाना, गोदाम, दूधसंघ, कुठलेही काम असो, माल किती घ्यायचा, माणसे किती लावायची, पैसा कुठून आणायचा आणि कुठे घालायचा, हे ठरवण्याची विद्या. आपल्या शहापूर-मुरबाडची पोरे आज काय करतात? शहापूरच्या सोनूभाऊ बसवंत कॉलेजातून, नाहीतर शिवळ्याच्या कॉलेजातून बी.कॉम., बी.ए. होतात आणि मग नाशिक हायवेने भिवंडीच्या गोदामात जाऊन हातात स्कॅनर धरतात, किंवा मुरबाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागतात. कष्टाला आम्ही कमी लेखत नाही, आमची स्वतःची जिंदगी कष्टात गेली. पण त्याच गोदामात कुठला ट्रक कुठे जाणार हे काचेच्या खोलीत बसून कोणीतरी ठरवत असतो. त्या खुर्चीवर आपले मूल का नसावे, एवढाच आमचा सवाल आहे.

गिरणीचाच दाखला देतो. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसाला साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, घेत नसत. कारण काय, तर धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आपल्या थुंकीचा विटाळ बाकीच्यांना होई! पगार जास्त त्याच खात्यात. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. त्या काळी साचेखात्यात जायला फॉर्म नव्हता, दारच बंद होते. आज दार उघडे आहे, फॉर्म आहे, त्यात आपल्यासाठी रकाना आहे, कायद्याने राखलेली जागा आहे. राज्यात अनुसूचित जातींना 13 टक्के, केंद्राच्या संस्थांत 15 टक्के. मग तो रकाना चुकीचा भरून किंवा रिकामा सोडून आपणच दार लावून घ्यावे काय?

दुसरी गोष्ट. व्यापार, पैसा, हिशेब ही आपली विद्या नव्हे असे कुणी म्हणाले तर त्याला सांगा, बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे पंडित. 1913 साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियाला गेले, 1918 ते 1920 या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, आणि 1923 साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला. ज्या सिडनहॅममध्ये त्यांनी शिकवले, त्याच नावाने चर्चगेटला आज व्यवस्थापन शिकवणारी सरकारी संस्था आहे, सिमश्री. तिथे जायचा रस्ता ज्या फॉर्मातून जातो तोच फॉर्म आज आपण शिकणार आहोत.

आता कामाचे बोलू. दारे मुख्यतः तीन आहेत.

पहिले दार राज्याचे. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची एम.बी.ए./एम.एम.एस.ची सीईटी. पदवीला किमान 50 टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या मागासवर्गीयांना 45 टक्के. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही बसता येते. सीईटी दिली म्हणजे झाले, असे नाही. परीक्षेचा एक फॉर्म. निकालानंतर कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाचा, दुसरा फॉर्म आणि त्यात कागदपत्रांची तपासणी. मग कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा तिसरा फॉर्म. तीन पायऱ्या आहेत. परीक्षा दिली आणि दुसऱ्या पायरीची तारीख बघितलीच नाही, अशी मुले दरवर्षी सापडतात. जमनालाल बजाज ही 1965 सालची नामांकित संस्था असो, सिमश्री असो, की आपल्या कल्याण-ठाण्याकडची कॉलेजे असोत, कॅपच्या जागा याच रस्त्याने भरतात. इथे मुलाखत नाही, इंग्रजी फाडफाड बोलायची भीती नाही. गुणांवर यादी लागते. आपल्या मुलांसाठी हे मोठे सोयीचे आहे.

दुसरे दार देशाचे, आय.आय.एम.चे. त्याची परीक्षा कॅट. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात, परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला शुल्क निम्मे. 2025 साली सर्वसाधारण 2,600 होते आणि आपल्याला 1,300. देशात वीसहून अधिक आय.आय.एम. आहेत आणि एकाच फॉर्मात कितीही निवडल्या तरी शुल्क तेवढेच राहते. तेव्हा एक-दोनवर खूण करून थांबू नका. नागपूरला 2015 पासून आय.आय.एम. आहे. पवईची जुनी नीटी 2023 साली आय.आय.एम. मुंबई झाली. म्हणजे आसनगावहून लोकल धरली तर घाटकोपर-कांजूरच्या अंगाला देशातली एक मोठी संस्था आहे, आणि आपल्या मुलांना तिचे नावही ठाऊक नाही.

तिसरे दार खाजगी संस्थांचे. प्रत्येकीचा फॉर्म वेगळा, शुल्क वेगळे, फी भरमसाट. तिथे जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. पण फॉर्मचे पैसे भरण्याआधी दोन गोष्टी पाहा: एआयसीटीईची मान्यता आहे का, आणि आपल्या शिष्यवृत्तीत ती संस्था व तो प्रवेश बसतो का.

आता मुख्य मुद्दा. फॉर्म भरणे म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसणे, असे मुलांना वाटते. आमचे म्हणणे, फॉर्म त्याच्या एक वर्ष आधी सुरू होतो आणि तो कागदाच्या पिशवीत सुरू होतो. पिशवीत काय हवे? दहावी, बारावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, पदवीच्या सर्व सत्रांचे गुणपत्रक, अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि जातपडताळणीचे प्रमाणपत्र. यातले शेवटचे दोन सगळ्यांत जास्त वेळ खातात.

जातीचा दाखला प्रांताच्या सहीने मिळतो. शहापूरकरांचे प्रांत ऑफिस भिवंडीला, मुरबाडकरांचे कल्याणला. अर्ज सेतूतून, म्हणजे आपले सरकार केंद्रातून करता येतो. पडताळणी मात्र वेगळी. ती जिल्हा जातपडताळणी समिती करते, आणि त्यासाठीचा महाराष्ट्राचा कायदा 2001 पासून अमलात आहे. हा दाखला एकदा मिळाला की जन्मभर चालतो.

पडताळणीला विचारतात काय? अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधी आपले घराणे महाराष्ट्रात होते आणि जात कोणती होती, याचा पुरावा. आता आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर शाळेचा दाखला कुठून आणणार? इथे पोरे हात टेकतात. अरे, शाळेने आजोबांना घेतले नसेल, पण गावच्या दप्तराने त्यांना सोडलेले नाही! तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही असते, आपण तिला कोतवाल बुक म्हणतो. त्यात आजोबा-चुलत आजोबांचा, एखाद्या आत्याचा जन्म जातीसकट लिहिलेला सापडतो. ज्यांच्या घराण्यात वतनाची जमीन होती त्यांनी जुने फेरफार बघावेत. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, पण ‘महार वतन’ हा शब्द जुन्या कागदांत राहिला आहे. ज्या शब्दाने आपल्या वाडवडिलांना राबवले, तोच शब्द आज नातवाच्या प्रवेशाचा पुरावा होतो. आणि बापाच्या बाजूच्या सख्ख्या काकाची, चुलत भावाची पडताळणी झालेली असेल तर ती प्रत पहिली मागून घ्या, काम पुष्कळ हलके होते.

आपल्या दोन तालुक्यांतलीच एक मुलगी. नाव सांगत नाही. सीईटीला चांगले गुण, पदवीला 47 टक्के. पडताळणीचा अर्ज निकालानंतर केला. कोतवाल बुकाची नक्कल मिळेपर्यंत फेरी निघून गेली. पडताळणी नाही म्हणून तिला खुल्या प्रवर्गात टाकले, आणि खुल्या प्रवर्गाला 50 टक्के लागतात! म्हणजे राखीव जागा तर गेलीच, पात्रताही गेली. एका कागदाने वर्ष खाल्ले. त्या वर्षात घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. कुणाच्या घरात काय मोडते, ते फॉर्मावर लिहिलेले नसते, बंधूंनो. काही वर्षी सरकार अर्जाच्या पावतीवर मुदत देते, खरे आहे. पण त्या भरवशावर राहू नका. बारावीतच, नाहीतर निदान पदवीच्या शेवटच्या वर्षाआधी, कॉलेजचे पत्र घेऊन पडताळणीचा अर्ज टाका.

आता जो रकाना भरताना आपला हात अडखळतो, त्याकडे येतो. धर्म आणि जात.

मुलगा फॉर्म भरायला बसतो. धर्म: बौद्ध. बरोबर. पुढचा रकाना, जात. तिथे तो पुन्हा ‘बौद्ध’ लिहितो, कुणी ‘नवबौद्ध’ लिहितो, आणि कुणी स्वाभिमानाने रिकामा सोडतो. त्याला आम्ही दोष देत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला आपल्या वाडवडिलांनी जात टाकली. जी टाकली ती सरकारी कागदावर पुन्हा लिहायची, हे मनाला लागते. आम्हालाही लागते. पण यामागचा कायदा समजून घ्या.

1950 चा राष्ट्रपतींचा आदेश असा होता की अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे. 1956 मध्ये त्यात शिखांची भर पडली. आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या सवलतींतून बाहेर पडलो. 1960 साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राचे दार बंदच राहिले. त्यासाठी चळवळीने तीस-चौतीस वर्षे मोर्चे काढले, निवेदने दिली. 1990 साली कायदा दुरुस्त झाला आणि आदेशात हिंदू, शीख यांच्याबरोबर बौद्ध हा शब्द आला. म्हणजे आज धर्म बौद्ध लिहूनही अनुसूचित जातीचा हक्क राहतो. हा हक्क कुणी दानात दिलेला नाही, तो मिळवलेला आहे.

पण कायदा विचारतो, धर्मांतरापूर्वीची अनुसूचित जात कोणती? कारण यादीत जातींची नावे आहेत. बौद्ध हा धर्म आहे, त्या यादीतली जात नव्हे. म्हणून धर्माच्या रकान्यात ताठ मानेने बौद्ध लिहा, आणि जातीच्या रकान्यात दाखल्यावर जी मूळ जात आहे ती अक्षरशः तशीच लिहा. धर्मांतरित बौद्धांसाठी राज्यात दाखल्याचा स्वतंत्र नमुना आहे, आणि केंद्राच्या संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, तो वेगळा मागून घ्या. राज्याचा दाखला कॅटच्या फॉर्मला जोडू नका. कॅटची नोंदणी बंद झाल्यावर प्रवर्ग बदलता येत नाही.

आमच्या मते धर्माचा रकाना आपण काय झालो ते सांगतो, आणि जातीचा रकाना आपल्याशी काय केले गेले ते सांगतो. दोन्ही खरे आहे. कोर्टात साक्षीदार मार कुठे लागला ते दाखवतो, त्यात त्याची लाज नसते. लाज मारणाऱ्याची.

आणखी एक गैरसमज काढून टाका. मुले म्हणतात, जातीचा रकाना भरला तर आपण फक्त राखीव जागेपुरतेच उरतो. तसे नाही. गुण असतील तर कॅपमध्ये खुल्या जागेवरही तुमचा हक्क राहतो. रकाना भरल्याने एक दार वाढते, कमी होत नाही. अल्पसंख्याकांचा रकाना आणखी वेगळा असतो. बौद्ध हा 1993 पासून केंद्राने जाहीर केलेला अल्पसंख्याक समाज आहे. पण अल्पसंख्याक आणि अनुसूचित जात हे दोन निराळे हक्क आहेत, एकाच्या जागी दुसरा भरू नका.

आता नाव. आपल्याकडे नावांचा घोळ फार. दहावीला एक आडनाव, आधारला दुसरे, आईचे नाव कुठे सुमन तर कुठे सुमनबाई. काही घरांनी जुने आडनाव टाकून नवे घेतले. दहावीच्या गुणपत्रकावर जे नाव, तेच फॉर्मवर, त्याच स्पेलिंगने. आडनाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत पिशवीत ठेवा. लग्न झालेल्या मुलींनी ध्यानात ठेवावे, जात माहेरची बघतात. जातीचा दाखला आणि पडताळणी वडिलांच्या कागदांवरून होते. सासरच्यांनी यात खोडा घालू नये, उलट सुनेला माहेरचे कागद आणायला सोबत जावे. सून शिकली तर दोन घरे वर येतात.

प्रत्यक्ष भरताना काय करायचे? मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा द्या. पुष्कळ मुले कॅफेवाल्याचा ई-मेल टाकतात, पासवर्ड त्याच्याच वहीत असतो, आणि जागा लागल्याचा संदेश त्याच्याकडे जाऊन पडतो. कॅफेवाला वाईट नसतो, पण त्याच्याकडे शंभर फॉर्म असतात आणि तुमच्याकडे एकच. टक्के गुणपत्रकावर आहेत तसेच लिहा, उगाच पुढचा आकडा करू नका. श्रेणीत गुण असतील तर विद्यापीठाच्या सूत्राने टक्के काढून तसे पत्र कॉलेजातून घ्या. फॉर्म शेवटच्या दिवशी भरू नका. आपल्या खर्डी-टोकावड्याला पावसात लाइट जाते, नेटवर्क जाते, आणि मुदत कुणासाठी थांबत नाही. भरल्यावर शेवटचे कन्फर्मचे बटण दाबले का, ते दुसऱ्याने तपासावे. भरलेला पण कन्फर्म न केलेला फॉर्म म्हणजे पेटीत न टाकलेले मत. मग प्रत छापून पिशवीत ठेवा.

पसंतीक्रम भरताना आपली माणसे फार भितात. ‘एवढे मोठे कॉलेज आपल्याला कुठले मिळते’ म्हणून जवळचे कॉलेज वर आणि मोठे खाली लिहितात. आम्ही सांगतो, क्रम इच्छेचा लावा. यंत्र वरून खाली बघत येते, आणि तुमच्या गुणांत जे सगळ्यांत वरचे बसते ते देते. मोठे नाव वर लिहिल्याने खालचे जात नाही. पण जे खाली लिहिले ते वरचे मिळाल्यावर कधीच मिळणार नाही. पहिल्या पसंतीचे मिळाले की प्रवेश तिथेच पक्का होतो, म्हणून पहिला क्रमांक घरात बसून, विचार करून लिहा. आणि लिहिताना प्रवास धरा. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने कल्याण, तिथून लोकल, रोज चार-पाच तास. वसतिगृह आहे का, हे आधी विचारा.

पैशाचे काय? आई-बापांचा जीव इथे अडकतो. एम.बी.ए.ला लाखांत फी लागते हे ऐकून बाप म्हणतो, राहू दे. बापांनो, फॉर्मच्या आधी नाही म्हणू नका. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर. त्यापेक्षा जास्त असेल, गिरणी-कारखान्यात कायम असलेल्यांचे असते, तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती आहे, जिला आपण फ्रीशिप म्हणतो. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर, दरवर्षी नव्याने. बँक खाते आधारला जोडलेले हवे. पण एक अट डोक्यात कोरून ठेवा: अशा व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश कॅपमधूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून, दलालाला पैसे देऊन घेतलेल्या जागेला ही मदत नाही. ‘आधी प्रवेश घ्या, स्कॉलरशिपचे आम्ही बघतो’ असे कुणी म्हणाले तर तिथून उठून या. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना 2016-17 पासून आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजारांपर्यंत मदत मिळते. आय.आय.एम.ला लागलेल्यांसाठी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे. परदेशी जायचे असेल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे.

शेवटी त्या रकान्याविषयी सांगतो, जिथे मुलगा सगळ्यांत जास्त गप्प होतो. ‘स्वतःविषयी लिहा.’ खाजगी संस्था लिहायला लावतात, आय.आय.एम.वाले मुलाखतीत विचारतात. आपला मुलगा म्हणतो, माझ्याकडे लिहिण्यासारखे काय आहे? मग कुठून तरी उतरवलेली इंग्रजी वाक्ये टाकतो: मी कष्टाळू आहे, मला नेतृत्वाची आवड आहे. हे वाक्य दहा हजार फॉर्मांत असते, वाचणाराही ते वाचत नाही.

अरे, तुझ्याकडे आहे ते मुंबईच्या पोराकडे नाही! शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. त्यांचे पाणी मुंबई पिते, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. टँकर कधी येतो, किती हंडे एका घराला मिळतात, रांग कोण लावते, हे तू लहानपणापासून बघितलेस. वाटपाचा एवढा मोठा धडा कुठल्या पुस्तकात आहे? मुरबाड तालुक्यातले धसई 2016 च्या नोटाबंदीनंतर राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून गाजले. त्या बाजारात ज्याच्या बापाचे दुकान आहे, त्याने यंत्र कसे आले, गिऱ्हाईक काय म्हणाले, रोकड पुन्हा हातात कशी आली, हे पाहिले असेल तर तेच लिहावे. म्हशाच्या जत्रेत बैलांचा सौदा कसा ठरतो, वीटभट्टीवरची उचल कशी फिटते किंवा फिटतच नाही, आई बचत गटाचे रजिस्टर कसे लिहिते, यातले जे स्वतः केले किंवा पाहिले ते साध्या भाषेत लिहा. किती माणसे, किती रुपये, किती दिवस, आणि तुमच्या हातून काय बदलले. विहाराच्या वर्गणीचा हिशेब तुम्ही ठेवला असेल तर तसे लिहा: इतक्या घरांची वर्गणी, इतकी वर्षे, हिशेब सभेत वाचून दाखवला.

पण न केलेले लिहू नका. गोदामात तीन महिने काम केले असेल तर तीनच महिने. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो आणि खोटे तिथे उघडे पडते. मध्ये एखादे वर्ष गेले असेल तर का गेले ते सरळ सांगा: वडिलांचे आजारपण, घरची लावणी, मजुरी. त्यात कमीपणा नाही. आणि एक सांगतो, आईच्या व्यवसायात ‘काही नाही’ लिहू नका. भात लावते, विळ्याने गवत कापते, बाजाराला भाजीची पाटी नेते, ती काही नाही? शेतमजूर लिहा, भाजी विक्री लिहा. आईचा रकानाही रिकामा सोडायचा नाही.

आता आपल्या विहाराने काय करावे, याच्या तीन सूचना मांडतो आणि थांबतो. एक, विहारात एक वही ठेवावी. बारावीला आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, आणि पुढे रकाने: जातीचा दाखला, पडताळणी, अधिवास, केंद्राचा दाखला. जो रकाना मोकळा दिसेल त्याच्या घरी पुढच्या रविवारी दोघांनी जावे. दोन, ज्यांची पडताळणी झाली आहे त्यांनी आपल्या प्रमाणपत्राची प्रत भावकीतल्या मुलांना विनाअट द्यावी. भांडण बांधाचे असेल तर बांधावर ठेवा, पोराच्या प्रवेशात आणू नका. तीन, जो मुलगा किंवा मुलगी हा फॉर्म भरून आत गेली, तिने पुढच्या वर्षी दोघांचे फॉर्म भरून द्यावेत. फी म्हणून आम्ही एवढीच मागतो.

सभा संपल्यावर वही इथेच टेबलावर असेल. नाव लिहिल्याशिवाय मागच्या भिंतीजवळच्यांनी जेवायला बसायचे नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.